अर्चिन आणि उष्णतेचा ताण: सहनमर्यादा नेमकी कुठे धरायची?

प्रश्न: खडपातली

नमस्कार मंडळी,

समुद्री अर्चिनवर तापमानवाढीचा काय परिणाम होतो यावर एम.एस्सी.चा प्रकल्प आखते आहे. प्रजाती स्टोमोप्न्यूस्टेस व्हॅरिओलॅरिस, म्हणजे खडपात भोकं पाडून बसणारा जाड काळ्या काट्यांचा अर्चिन.

आराखडा असा आहे: ४० लिटरच्या तीन काचेच्या टाक्या, प्रत्येकीत आठ प्राणी. पहिली टाकी २८ अंश सेल्सिअसवर कायम, दुसरी ३१, तिसरी ३४. शेवटच्या दिवशी तिसऱ्या टाकीचं तापमान तासाला १ अंश या गतीने वर न्यायचं. दर अंशाला प्राणी उलटा करायचा आणि सरळ व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. १० मिनिटांत सरळ झाला नाही, की ती त्याची मर्यादा.

अडलंय ते इथे:

१. सरळ झाला नाही म्हणजे मेला असं नाही. मग 'मर्यादा' कशाला म्हणायचं?
२. एकाच प्रजातीचे आकडे दोन पेपरांत दोन-तीन अंशांनी वेगळे असतात. असं का?
३. मार्गदर्शक म्हणतात एचएसपी-७० (ताणात पेशी बनवते ते उष्णता-प्रथिन) सुद्धा करा. २४ प्राण्यांत ते बसेल का, आणि केल्यावर नक्की काय कळेल?

आराखड्यात आणखी काही चुकत असेल तर तेही सांगा. प्राणी अजून आणलेले नाहीत, त्यामुळे बदल करायला वाव आहे.

---

प्रतिसाद १: पाणजोखे

पहिले दोन प्रश्न एकच आहेत. मर्यादा म्हणजे नुसतं तापमान नव्हे, तापमान आणि वेळ यांची जोडी. ३४ अंशांवर एक तास काढणारा प्राणी त्याच ३४ वर तीन दिवसांत मरू शकतो. पेपर वाचताना आधी बघा की तापमान कोणत्या गतीने वाढवलं, प्राणी किती दिवस कोणत्या तापमानाला रुळवला होता आणि शेवट कशाला धरला. एकाने मिनिटाला ०.१ अंश वाढवलं, दुसऱ्याने दिवसाला १ अंश. पहिल्याचा आकडा जास्तच येणार, कारण नुकसान साचायला वेळच मिळाला नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

त्यामुळे चढत्या तापमानाच्या एका प्रयोगावर विसंबू नका. चार स्थिर तापमानं निवडा, प्रत्येक ठिकाणी किती तासांनी निम्मे प्राणी निकामी झाले ते नोंदवा आणि वेळेचा लॉगॅरिदम तापमानासमोर मांडा. बहुतेक वेळा जवळपास सरळ रेष येते. तिचा उतार सांगतो की एक अंश वाढला तर जगण्याची वेळ कितीने आखडते. तुमच्या किनाऱ्यावर दोन तासांची ओहोटी असो की दोन आठवड्यांची उष्णतेची लाट, दोन्हींसाठी अंदाज त्याच रेषेवरून काढता येतो. 'मर्यादा ३५.२ अंश' असा सुटा आकडा कुणाच्याच कामाचा नाही.

आता शेवट कशाला धरायचा ते. उष्णतेत अर्चिनच्या क्षमता एकदम जात नाहीत, एका क्रमाने जातात, आणि तो क्रमच नोंदवायचा असतो. आधी खाणं कमी होतं. मग सरळ व्हायला वेळ लागायला लागतो. मग नलिकापादांची (चिकटून चालायच्या नळीसारख्या पायांची) पकड सुटते, काचेवरचा प्राणी हलक्या हाताने ओढला तरी निघून येतो. नंतर काटे ढिले पडून आडवे होतात. सगळ्यात शेवटी मृत्यू.

मृत्यूची खूण काटे गळणं ही नव्हे, काटे बरेचदा एक-दोन दिवसांनी गळतात. जिवंत अर्चिनच्या कवचावर काट्यांच्या मधल्या जागी बोथट सुईने टोचलं की भोवतालचे काटे त्या बिंदूकडे वळतात. तसं होत नसेल, तोंडाभोवतीचा पडदा सैल पडला असेल आणि एकही नलिकापाद आखडत नसेल तर मेला असं समजा. खात्रीसाठी २८ अंशांच्या हवा सोडलेल्या पाण्यात २४ तास ठेवून पुन्हा तपासा. यातून तीन गट पडतात: सरळ होणारे, सरळ न होणारे पण २४ तासांत सावरणारे, आणि न सावरणारे. मधला गट स्वतंत्र दाखवा. उलटा पडलेला अर्चिन किनाऱ्यावर मासे-खेकड्यांच्या तोंडी जातो किंवा लाटेबरोबर वाहून जातो. प्रयोगशाळेत तो 'जिवंत' असतो, खडपात नसतो.

सरळ होण्याच्या चाचणीबद्दल थोडं:

तळ नेहमी एकच ठेवा. गुळगुळीत काच आणि खरखरीत पीव्हीसी यांवर वेळ वेगवेगळा येतो, कारण मुख्य काम नलिकापादांच्या चिकटण्याचं असतं आणि काटे टेकू देतात. मोठ्या प्राण्याला जास्त वेळ लागतो, म्हणून कवचाचा व्यास व्हर्नियरने मोजून विश्लेषणात घ्या, किंवा पहिल्यापासून ५ मिमीच्या पट्ट्यातलेच प्राणी निवडा.

वेळेऐवजी १००० भागिले सेकंद असा क्रियाशीलता गुणांक वापरण्याची जुनी पद्धत आहे. १०० सेकंदांत सरळ झाला तर १०, २५० सेकंद लागले तर ४. सोय अशी की अजिबात सरळ न होणाऱ्याला शून्य देता येतो. वेळच वापरणार असाल तर न झालेल्याच्या पुढे ६०० लिहून सरासरी काढू नका. ती नोंद '६०० पेक्षा जास्त' अशी अपुरी धरा आणि कॅप्लन-मायर किंवा कॉक्स पद्धतीने (अशा अपुऱ्या नोंदी धरणाऱ्या सांख्यिकी पद्धती) विश्लेषण करा. ही चूक छापून आलेल्या कामांतही सापडते आणि परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

आणखी एक गोष्ट राहिली. दर अंशाला तोच प्राणी उलटा केला तर सातव्या वेळेपर्यंत तो दमलेला असतो. उष्णता कुठली आणि थकवा कुठला हे वेगळं करायला २८ अंशांवरचा एक गट त्याच वेळापत्रकाने, तितक्याच वेळा उलटा करायलाच हवा.

---

प्रतिसाद २: टाकीवाला

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी फक्त यंत्रणेबद्दल लिहितो, कारण असे प्रयोग बहुतेक वेळा तिथेच फसतात.

पहिली आणि सर्वांत मोठी गोष्ट: तीन टाक्या, तीन तापमानं, प्रत्येकी आठ प्राणी, यात नमुना आठ नाही, एक आहे. तिसऱ्या टाकीत अमोनिया वाढला तर तुम्ही त्याला उष्णतेचा परिणाम म्हणाल आणि तुम्हाला खोडून काढायला आकडेवारीकडे काही नसेल. उपाय सोपा आहे. प्रत्येक प्राणी ४ लिटरच्या स्वतंत्र बरणीत, प्रत्येक बरणीला स्वतःची हवेची नळी, आणि बरण्या पाण्याच्या मोठ्या टबांत बुडवून टबाचं तापमान राखायचं. तेव्हाही खरा नमुना टबच असतो, म्हणून दोन-तीन फेऱ्या करा आणि प्रत्येक फेरीत कोणत्या टबाला कोणतं तापमान ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. प्राणी कमी पडत असतील तर तापमानं कमी करा, फेऱ्या कमी करू नका.

हीटर किती वॅटचा? ४० लिटर समुद्राचं पाणी म्हणजे सुमारे ४१ किलो, विशिष्ट उष्णता किलोला जवळपास ४ किलोज्यूल. १ अंश वाढवायला १६४ किलोज्यूल लागतात. तासाभरात ते द्यायचे तर ४५-४६ वॅट. वरून पृष्ठभागावरून निसटणारी उष्णता. १०० ते १५० वॅट पुरतो. ३०० वॅटचा लावला तर दरवेळी उसळी मारून ठरलेल्या आकड्याच्या वर जातो.

एसटीसी-१००० हा कंट्रोलर स्वस्त आणि टिकाऊ आहे, पण त्याची अचूकता ±१ अंश एवढीच. पडद्यावर दशांश दिसतो म्हणून तो खरा असतो असं नाही. ऊर्ध्वपातित पाण्याच्या वितळत्या बर्फात एकदा, आणि ३४ अंशांच्या आसपास प्रमाणित थर्मामीटरशेजारी एकदा, असं दोन ठिकाणी जुळवून घ्या आणि फरक सेटिंगमध्ये भरा. हिस्टेरेसिस (हीटर बंद आणि पुन्हा चालू होण्यातला अंशांचा फरक) ०.३ वर ठेवा. प्रत्येक टबात वेगळा डेटा लॉगर (तापमान आपोआप नोंदवणारं उपकरण) टाका, आणि पेपरात लॉगरचे आकडे द्या, कंट्रोलरचे नाही.

हीटर प्राण्यांच्या हाताला लागेल असा ठेवू नका. अर्चिन काचेच्या हीटरवर चढून बसतो, तो चालू झाला की त्या बाजूचे नलिकापाद आणि काटे भाजतात. मग एका बाजूला पडलेला टक्कलाचा चट्टा बघून लोक रोग समजतात. टबाच्या पद्धतीत हा प्रश्नच येत नाही.

ऑक्सिजन मोजल्याशिवाय उष्णतेबद्दल बोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ३५ क्षारतेच्या, हवेने संपृक्त पाण्यात २८ अंशांना लिटरमागे साधारण ६.४ मिग्रॅ ऑक्सिजन मावतो, ३४ ला ५.९ च्या आसपास. म्हणजे पुरवठा आठ-नऊ टक्क्यांनी घटला. मागणी मात्र दर १० अंशांना दुप्पट ते अडीचपट वाढते असं धरलं तर ६ अंशांत दीड ते पावणेदोनपट होते. अर्चिनच्या देहगुहेतल्या द्रवात हिमोग्लोबिनसारखं ऑक्सिजन वाहून नेणारं काही नसतं. नलिकापाद आणि तोंडाजवळच्या बारीक कल्ल्यांतून जेवढा आत शिरेल तेवढाच. बरणीत हवा कमी सुटली तर तुम्ही गुदमरणं मोजाल आणि शीर्षक द्याल 'उष्णता'. दर बरणीत ९० टक्क्यांच्या वर संपृक्तता ठेवा आणि रोज नोंदवा.

क्षारतेचंही तसंच. अर्चिन स्वतःच्या शरीरातली क्षारता सांभाळू शकत नाही, बाहेर जी असेल ती आत. ३४ अंशांच्या उघड्या टबातून बाष्पीभवन भरपूर होतं आणि दोन दिवसांत ३५ चे ३७ होतात. झाकण ठेवा, आणि घटलेलं पाणी आरओ पाण्यानेच भरा, समुद्राच्या पाण्याने नाही. समुद्राच्या पाण्याने भरलं की मीठ साचतच जातं.

अमोनियाचं गणित उष्णतेत दुहेरी बिघडतं: प्राणी जास्त सोडतो, आणि सोडलेल्यातला विषारी, आयन नसलेला वाटा तापमान आणि पीएच दोन्हींबरोबर चढतो. रोज अर्धं पाणी बदला, आणि बदलायचं पाणी आधीच त्याच तापमानाला आणून ठेवा.

प्राणी आणताना: हा खड्ड्यात काटे रोवून बसतो. चाकूने उचकटला तर नलिकापाद तुटून खडकालाच चिकटून राहतात, आणि मग सरळ व्हायला लागणारा वेळ उष्णतेमुळे नाही, जखमेमुळे वाढतो. ओहोटीला, पाण्याखाली असतानाच, बोथट आकड्याने आणि घाई न करता काढा. स्पर्श झाल्यावर तो घट्ट आवळतो, म्हणून एका झटक्यात निघाला तर ठीक, नाहीतर सोडून पुढचा बघा. आणल्यावर किमान १० ते १४ दिवस २८ वर रुळू द्या, उल्वा किंवा सारगॅसम हे समुद्री शेवाळ खायला द्या, आणि २८ अंशांवर ज्याचा सरळ होण्याचा वेळ इतरांच्या मानाने फारच जास्त आहे तो प्राणी प्रयोगात घेऊच नका. जागा मालवणच्या सागरी अभयारण्याच्या हद्दीत येत असेल तर वन विभागाची लेखी परवानगी आधी.

---

प्रतिसाद ३: डिंभ२७

एचएसपी-७० बद्दल.

त्याने कळतं एवढंच, की पेशीतली प्रथिनं बिघडायला लागली आणि पेशीला ते समजलं. प्राणी किती सहन करेल हे त्यावरून ठरत नाही. सतत तापलेल्या जागी राहणाऱ्या प्राण्यात ते आधीच चढलेलं असू शकतं आणि वाढ कमी दिसते. उलट मरणाच्या दारातल्या प्राण्यात ते बनवायचीही ताकद उरत नाही, तेव्हा आकडा पुन्हा खाली. म्हणजे 'कमी' याचे दोन पूर्ण विरुद्ध अर्थ. म्हणून ते केलंच तर कोणत्या तापमानाला सुरू होतं ते शोधा, किती पट वाढलं यावर फार जोर देऊ नका.

नमुना देहगुहेतल्या पेशींचा घ्या, म्हणजे प्राणी मारावा लागत नाही. तोंडाभोवतीच्या मऊ पडद्यातून २३ ते २५ गेजच्या सुईने अर्धा ते एक मिली द्रव. सिरिंजमध्ये आधीच तेवढंच थंड रक्तगोठणरोधक भरलेलं असावं: कॅल्शियम-मॅग्नेशियमविरहित समुद्रपाणी आणि ३० मिलीमोलर ईडीटीए. ते विसरलात तर पेशी काही मिनिटांत गुठळी करतात आणि मोजायला काही उरत नाही. लगेच ४ अंशांवर सेंट्रिफ्यूज करून गोळा द्रव नायट्रोजनमध्ये. टोचणं हाही ताण आहे, म्हणून एका प्राण्याला एकदाच टोचा. 'आधी आणि नंतर' असं त्याच प्राण्यावर करू नका. क्यूपीसीआरला (जनुक किती चालू आहे ते मोजणारी चाचणी) तुलनेसाठी एक संदर्भ जनुक पुरत नाही. उष्णतेत न हलणारी दोन-तीन तपासून निवडा, अॅक्टिन डोळे मिटून घेऊ नका.

पैसे नसतील तर त्याच द्रवाचा एक थेंब हिमोसायटोमीटरवर घाला आणि लाल गोलकी पेशी मोजा. इकायनोक्रोम या रंगद्रव्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या लगेच ओळखू येतात, आणि ताण पडला की त्यांचं प्रमाण वाढतं. भूमध्य समुद्रातल्या पॅरासेंट्रोटस लिव्हिडसवर हे चांगलं दाखवलेलं आहे. खर्च जवळपास शून्य.

पण माझं खरं म्हणणं वेगळं आहे. प्रौढ अर्चिन हा या प्राण्याच्या आयुष्यातला सगळ्यात चिवट टप्पा. नाजूक आहेत ती पहिल्या काही तासांतली भ्रूणं. १९८१ साली पालेर्मोच्या गटाने पॅरासेंट्रोटसची २० अंशांवर वाढवलेली भ्रूणं ३१ अंशांवर नेली. अंड्याच्या वेष्टनातून बाहेर पडण्याआधीच्या भ्रूणांना उष्णता-प्रथिनं बनवताच आली नाहीत आणि ती नष्ट झाली. बाहेर पडल्यानंतरच्या भ्रूणांनी ती बनवली, वाढ थांबवली, आणि पाणी थंड झाल्यावर पुढे चालू केली. म्हणजे सुरुवातीच्या पेशीविभाजनात संरक्षणाचं यंत्रच चालू झालेलं नसतं.

ऑस्ट्रेलियात मारिया बर्न यांच्या गटाने हेलिओसिडारिस एरिथ्रोग्रामा या अर्चिनवर २००९ मध्ये जे दाखवलं ते याला जोडून वाचा. फलन वाढलेल्या तापमानातही नीट झालं, पण ४ ते ६ अंशांच्या वाढीला पुढची वाढ कोसळली, पीएच काहीही असो. फक्त फलनाची टक्केवारी मोजून 'प्रजाती सुरक्षित' म्हणणारे इथे फसतात.

करायचं असेल तर: पक्व प्राण्याला ०.५ मोलर पोटॅशियम क्लोराइड, आकारानुसार अर्धा ते दोन मिली, पडद्यातून टोचा. मादी उलटी करून चंचुपात्राच्या तोंडावर ठेवा, अंडी खाली गाळलेल्या पाण्यात पडतील. नराचे शुक्राणू पाणी न लावता कोरडेच पिपेटने उचला आणि बर्फावर ठेवा, पाणी लागलं की त्यांचं घड्याळ सुरू होतं. शुक्राणू इतकेच टाका की नियंत्रण गटात फलन ९० टक्क्यांच्या आसपास राहील. भरमसाट टाकले तर सगळीकडे ९९ टक्के येईल आणि उष्णतेचा परिणाम झाकला जाईल. फलनवेष्टन वर उचललं गेलं की फलन झालं, एवढं बघून थांबू नका. चार पेशी, ब्लास्टुला (पेशींचा पोकळ गोळा), आणि चार बाहूंचा प्लूटिअस (पोहणारा डिंभ) अशा तीन टप्प्यांवर १००-१०० भ्रूणं मोजा, सरळ वाढलेली किती आणि वेडीवाकडी किती. उष्ण पाण्यात वाढ लवकर होते, त्यामुळे तासांवर नाही, टप्प्यावर मोजा. नाहीतर पुढे गेलेल्या आणि मागे पडलेल्या भ्रूणांची तुलना होते.

जोड्या किमान पाच, आणि प्रत्येक मादीची अंडी वेगळी ठेवा. एखाद्या मादीची अंडीच कमकुवत असतात, आणि सगळ्यांची एकत्र केली की ते कधीच कळत नाही.

---

खडपातली

खूप आभार. बरण्या आणि टब नक्की. चढत्या तापमानाचा भाग काढून टाकते, चार स्थिर तापमानं घेते. भ्रूणांचा भाग वेळ उरला तर.

दोन उपप्रश्न. एक, प्रयोगात काटे गळायला लागले तर ते उष्णतेमुळे की रोगामुळे, हे कसं ओळखायचं? दुसरा, नियंत्रण २८ अंश ठेवणं बरोबर आहे का? खडपातल्या डबक्यांचं पाणी मे महिन्यात याहून बरंच तापतं.

---

प्रतिसाद ४: पाणजोखे

रोगाचा मुद्दा महत्त्वाचा, कारण समुद्रातही हाच गोंधळ होतो.

कॅरिबियनमध्ये डायडेमा अँटिलॅरम हे अर्चिन १९८३-८४ मध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त मेले. २०२२ मध्ये पुन्हा मरतूक झाली. लक्षणं बघा: नलिकापादांची पकड सुटणं, काटे ढिले पडणं, मग गळणं. उष्णतेच्या ताणाची यादी आणि ही यादी एकच. २०२३ मध्ये दाखवलं गेलं की २०२२ च्या मरतुकीमागे फिलॅस्टरसारखा एक पक्ष्माभिकायुक्त एकपेशीय जीव होता. लाल समुद्रातल्या डायडेमा सेटोसमच्या मरतुकीतही तोच सापडला. नुसत्या लक्षणांवर 'उष्णतेने मेले' असं लिहिलं असतं तर ते चुकलं असतं.

उलट कधी रोगच तापमानावर स्वार असतो. कॅनडात नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर हिरवे अर्चिन पॅरामीबा इन्व्हेडेन्स या अमिबाने मरतात. पाणी १०-१२ अंशांच्या खाली असेल तर रोग पुढे सरकत नाही, आणि २ अंशांखाली अमिबाच टिकत नाही. तिथे उष्ण पाणी अर्चिनला थेट मारत नाही, मारेकऱ्याला वेळ देतं.

तुमच्या बरणीत ओळखायची पद्धत: उष्णतेत काटे साधारण सगळीकडून सारखे ढिले पडतात आणि तापमान उतरवलं की जे वाचायचे ते सावरतात. जिवाणूंच्या रोगात ठिपके पडतात, कडेला काळपट-लालसर किंवा हिरवट, मधली त्वचा विरघळलेली, आणि तापमान उतरवूनही ठिपका पसरतो. वेगळ्या बरण्यांचा इथे आणखी फायदा आहे: रोग एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. शंका असेल तर आजारी बरणीतलं थोडं पाणी २८ अंशांवरच्या एका सुदृढ प्राण्याच्या बरणीत घाला. तो आजारी पडला तर कारण उष्णता नाही. ही बरणी बाकीच्यांपासून दूर ठेवा आणि जाळी-पिपेट वेगळी वापरा.

जाता जाता, उष्णतेच्या लाटेत अर्चिनच हरतो असंही नाही. कॅलिफोर्नियात २०१३ पासून समुद्रतारे झिजून मेले, २०१४ ते २०१६ पाणी तापलेलं राहिलं, आणि राज्याच्या उत्तर किनाऱ्यावरचं बुल केल्प हे मोठं समुद्री शेवाळ नव्वद टक्क्यांहून जास्त गेलं. जांभळ्या अर्चिनची संख्या मात्र फुगली, कारण त्याला खाणारा सूर्यफूल-तारा उरला नव्हता. केल्प संपल्यावर हे अर्चिन उपाशी, जननग्रंथी सुकलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षं जगतात. २०१८ मध्ये तिथली, केल्पच खाणाऱ्या लाल अॅबलोनी या समुद्री गोगलगायीची हौशी मासेमारी बंद करावी लागली. टास्मानियात तर थंडीचीच मर्यादा उठली: सेंट्रोस्टेफेनस रॉजर्सी या लांब काट्यांच्या अर्चिनच्या डिंभांना १२ अंशांखाली नीट वाढता येत नाही, आणि हिवाळ्यातलं पाणी त्याच्या वर राहायला लागलं तसा तो दक्षिणेकडे सरकला. पूर्व भूमध्यात नेमकं उलटं. इस्रायलच्या किनाऱ्यावर पॅरासेंट्रोटस जवळपास नाहीसा झाला, आणि प्रयोगात त्याने ३०.५ अंशांच्या वर तग धरला नाही, जे तापमान तिथलं उन्हाळी पाणी आता गाठतं. प्रजाती तिच्या पट्ट्याच्या कोणत्या टोकाला आहे यावर सगळं ठरतं. उष्ण कटिबंधातली प्रजाती तिच्या वरच्या टोकाच्या जवळच राहते, म्हणून तुमचा आकडा ३१ आणि ३४ च्या मध्ये बारकाईने शोधा. ३१, ३२, ३३, ३४ घ्या, सोबत २८ चं नियंत्रण. ३४ ला सगळे मेले आणि ३१ ला कुणीच नाही, तर रेषा काढायला बिंदूच नाहीत.

---

प्रतिसाद ५: तिथीवाला

दुसऱ्या उपप्रश्नावर, डबक्यांच्या तापमानाबद्दल. हे भरती-ओहोटीच्या वेळेवर अवलंबून आहे आणि आपल्याकडे त्याचा हिशेब बोटांवर करता येतो.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. ओहोटी त्यानंतर सहा तासांच्या थोडं पुढे. आता बघा: पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी सगळ्यात खाली जातं, पण पहाटे आणि संध्याकाळी. दुपारी बाराची ओहोटी येते अष्टमीच्या सुमारास, आणि तेव्हा भांग असतो, पाणी फार उतरत नाही. म्हणजे खालच्या पट्ट्यातला अर्चिन भर दुपारी सहसा पाण्याखालीच असतो. प्वेर्तो रिकोत पीटर ग्लिन यांनी १९६८ मध्ये खडकाच्या सपाट पट्ट्यावर अर्चिन मोठ्या संख्येने मेल्याची नोंद केली ती भर दुपारी पाणी फार उतरल्यामुळे. त्या घटनेचा आकडा कोकणावर जसाच्या तसा चिकटवू नका.

आपल्याकडे वाईट दिवस दोन प्रकारचे. त्रयोदशी-चतुर्दशीला भरती पावणेदहा ते साडेदहा, ओहोटी चार-पावणेपाचला, आणि उधाण जवळ असल्याने पाणी बरंच खाली. दीड-दोनपासून उघडी पडलेली उथळ डबकी उतरत्या उन्हात तापतात. दुसरा प्रकार वरच्या पट्ट्यातल्या डबक्यांचा: भांगाच्या दिवसांत भरतीचं पाणी तिथवर पोचतच नाही, ती ओळीने दोन-तीन दिवस तापतात आणि खारटही होतात. पण तिथे हा अर्चिन सहसा नसतो.

म्हणून एकाच डबक्यात लॉगर ठेवून 'किनाऱ्याचं तापमान' म्हणू नका. तीन ठेवा: प्राणी बसतात त्या खड्ड्यात, शेजारच्या उथळ डबक्यात आणि कायम पाण्याखालच्या खडकावर. पांढऱ्या पीव्हीसीच्या भोकं पाडलेल्या नळीत बसवा, नाहीतर लॉगर स्वतःच उन्हाने तापून दोन-तीन अंश जास्त दाखवतो. स्टेनलेसच्या स्क्रूने आणि दोन भागांच्या इपॉक्सीने खडकाला पक्का करा, दहा मिनिटांना एक नोंद, दोन पंधरवडे. त्यातून समजेल की खड्ड्यातला अर्चिन सलग किती तास ३२ च्या वर असतो. तोच कालावधी प्रयोगात घ्या.

नियंत्रण २८ ठीक आहे, पण प्राणी मे महिन्यात आणलात तर ते आधीच ३० च्या आसपासच्या पाण्याला रुळलेले असतील, आणि जानेवारीत आणलेल्यांपेक्षा जास्त सहन करतील. सगळे एकाच पंधरवड्यात आणा.

---

प्रतिसाद ६: टाकीवाला

वरच्या दोघांना एक जोड. समुद्रात हा ताण चार तासांचा आणि मग रात्रभर सुटका, असा येतो. चार स्थिर तापमानांच्या जोडीला एक टब रोज दुपारी चार तास ३३ आणि उरलेला वेळ २८ असा चालवा. टायमर स्विच आणि दुसरा कंट्रोलर एवढंच लागतं. चढायला एक तास द्या, उतरायला दोन, बर्फाच्या बाटल्या टाकून झटक्यात उतरवू नका, थंडीचा धक्का हा वेगळाच ताण आहे.

या टबात खाणं जरूर मोजा. उल्वा टिपकागदाने टिपून १० ग्रॅम द्या, ४८ तासांनी उरलेली तशीच टिपून तोला. सोबत त्याच तापमानाची, अर्चिन नसलेली, तेवढ्याच उल्वाची एक बरणी हवीच. उष्ण पाण्यात उल्वा आपोआप विरघळते, आणि ती वजाबाकी केली नाही तर उपाशी प्राणी भरपेट जेवल्यासारखा दिसतो.